चिकण मातीतली वाईन

म्हाताऱ्याने घोट तोंडात घोळवला आणि चक्क गिळला. वाईन चाखायची आणि थुंकायची, यात त्याचा जन्म गेला होता. लेक तळघराच्या पायरीवर बसून बघत राहिली.

बाटली आज आवराआवरीत फळीमागे सापडली होती. लेकीच्या शेतातली, पंधरा वर्षांपूर्वीची.

बापाचा मळा टेकडीवर, मुरमाड उतारावर. तिथे ऊन रग्गड. द्राक्षं लवकर गोड होतात आणि वाईन वर्षभरात पिण्याजोगी होते. लेकीचं सासर टेकडीच्या पायथ्याशी, हाकेच्या अंतरावर. पण माती चिकण, गार, आणि ऊन उशिरा पोचणारं. तिने माहेरच्याच वेलींच्या काड्या नेऊन लावल्या. पहिली वाईन वर्षाची झाली तेव्हा बापाला हौसेने बोलावलं. त्याने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि थुंकला.

"ही वाईन आहे की लिंबाचं पाणी? उपटून टाक त्या वेली."

बापाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वेली गेल्या, बटाटे आले. गार मातीतल्या वाईनला मऊ व्हायला वर्षं लागतात, हे एवढ्या जाणत्या माणसाला कळू नये! पण टेकडीवर कधी थांबावं लागलं नव्हतं, म्हणून इथेही थांबायचं त्याला सुचलं नाही. सब घोडे बारा टक्के.

आता टेकडी तापते. द्राक्षं वेलीवरच सुकतात, वाईन काकवीसारखी होते. मळा वाचवायचा तर पायथ्याला उतरायला हवं होतं. पण नव्या वेली जोम धरेपर्यंत आपण नसू, हे म्हातारा जाणून होता. त्याला फार वाईट वाटलं.

"त्या वेली आज असत्या तर..." तो म्हणाला. "चुकलो गं पोरी. माझ्या जिभेला तेव्हा कळलंच नाही."

लेकीने त्याच्या हातातला पेला घेतला. वास घेतला, पण प्यायली नाही.

"मला कळलं होतं, बाबा," ती म्हणाली. "मला ती तेव्हाच आवडली होती. पण तुम्ही थुंकलात, आणि त्या दिवसापासून मी माझ्या जिभेवर भरवसा ठेवणंच सोडून दिलं."