पाजणारी

"नुसतं टोक नको. तोंड मोठं उघडू दे, मग पटकन जवळ घे," सिस्टर म्हणाली.

बाळंतिणीने सकाळपासून अकराव्यांदा बाळ छातीशी घेतलं. बाळाने अकराव्यांदा तोंड फिरवलं आणि किंचाळलं. तीन दिवसांचं पोर, पण नाक मुरडण्यात अगदी बापावर गेलेलं.

खिडकीशी मोठी जाऊ बसली होती, मांडीवर उकळून आणलेली बाटली घेऊन. "राहू दे गं, कशाला जिवाला त्रास? दे इकडे."

मोठीला मूल नव्हतं. हे बाळ तिला द्यायचं, असं पाचव्या महिन्यातच घरात ठरलं होतं. "तुला काय, दुसरं होईल," नवरा म्हणाला होता, चहात बिस्किट बुडवता बुडवता. एकच फट उरली होती. काल सासूच्या तोंडून निघून गेलं होतं, "अंगावर पिणारं असतं तर मी नसतं बाई तोडलं. पण हे पीतच नाही."

दुपारी घरी सोडणार होते. साडेअकरा वाजून गेले होते.

बाळंतिणीने पुन्हा बाळाला आडवं धरलं. बोंडांच्या भेगांतून रक्त येत होतं. तिने त्याच्या ओठांवर दुधाचा थेंब टेकवला आणि वाट बघितली. बाळाने जांभई दिली. भली मोठी. तिने त्याच क्षणी त्याला जवळ ओढलं.

कळ थेट मस्तकात गेली. मग हळूहळू ओसरली. मग आवाज यायला लागला. गट्. गट्. गट्.

"लागलं की गं प्यायला," सिस्टर हसली. "बघ कसं गिळतंय, हावरट कुठलं."

दाराशी बसलेली सासू उठून जवळ आली. बराच वेळ बघत राहिली. तिचे डोळे भरले.

"आता याला हिच्यापासून तोडायचं नाही," ती मोठीला म्हणाली. "मी बोलले होते."

बाळंतीण रडायलाच लागली. हसत हसत रडत होती, आणि बाळ पीत होतं.

मोठीने बाटली खिडकीत ठेवली. मग पलंगाच्या कडेवर येऊन टेकली.

"नकोच तोडायला, आई. वर्षभर पाजू दे की हिला. आमच्या खोल्या शेजारीच तर आहेत."

"मग, मी तरी काय म्हणतेय?" सासू म्हणाली.

मोठी बाळाच्या कानाशी वाकली. त्याच्या जावळावरून तिने बोट फिरवलं.

"सावकाश पी हं, राजा. तुझी पाजणारी काकू कुठे पळून जात नाहीये."