झाडाचा पाला

या, जवळ बसा मायबाप, एका शिंप्याची गोष्ट सांगतो. महिनाभर त्याच्या पिंडऱ्यांत गोळे येत होते आणि छातीचे ठोके चुकत होते. का, ते काही केल्या उमजेना. बायकोला घेऊन तो दवाखान्यात गेला.

रक्ताचा अहवाल बघून डॉक्टर म्हणाले, "पोटॅशियम पार उतरलंय, हृदयाला धोका आहे. जुलाबाचं काही औषध घेता?"

"छे हो. माझ्या दुकानात ठेवलेल्या डबीतून रोज चमचाभर सोनामुखीचं चूर्ण तेवढं घेतो. झाडाचा पाला तो, त्याला औषध कोण म्हणेल?"

"मी म्हणेन. तेच ते जुलाबाचं औषध. पण चमचाभरानं एवढं व्हायला नको."

बायको चुळबुळली. "अहो, तुम्हीही घेत होतात?"

शिंपी गोंधळला. "मीही म्हणजे? आणखी कोण घेतंय?"

"कोणी नाही. पोट साफ होत नाही म्हणून तुम्ही कुरकुरायचात, म्हणून मीच रोज संध्याकाळी तेच चूर्ण चमचाभर तुमच्या दुधात कालवत होते. म्हटलं, झाडाचा पालाच तर आहे, सांगायचं काय त्यात?"

देवाच्या कृपेनं शिंपी वाचला. पण मायबाप, "आणखी काय घेता?" असं डॉक्टरांनी विचारलं, की तोंड उघडण्याआधी या दोन भाबड्या जिवांची आठवण काढा.