अप्पांची पाळी

गब्बू बोक्याच्या गळ्यात एक पट्टा होता. त्याचा जोडीदार पट्टा घरातले पाळीपाळीने मनगटावर बांधत, म्हणजे केमोनंतरची त्याची निम्मी मळमळ माणसाकडे यायची. आज अप्पांची पाळी. सकाळपासून त्यांना चहासुद्धा नकोसा झाला होता, आणि गब्बूने तर आठवडाभर ताटलीला तोंड लावलं नव्हतं.

दुपारी अप्पा एकदम उठून बसले.

"वृंदा, शेजारी तांडेलांकडे सुके बोंबील भाजतायत का गं?"

सून बघतच राहिली. जन्मभराचे शाकाहारी अप्पा एरवी या वासाने खिडक्या लावून घेत.

"भाजतायत. का हो?"

"पळ, दोन मागून आण." अप्पांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. "गब्बूला भूक लागलीय."