ब्रेकवरचा पाय

मरण्याआधी थोरल्या भावाने पत्रात लिहिलं होतं, "माझी गाडी विकलीस तर याद राख." धाकट्याने उत्तर दिलंच नव्हतं.

आता गिऱ्हाईक ठरलं आणि गाडी आचके देऊ लागली. मिस्त्रीने डिझेल फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली. त्याच्या हातात ती सुसाट पळे. धाकटा बसला की अडखळे.

"काका, उगाच इंजिनाला शिव्या देता!" मिस्त्री मागून ओरडला. "ब्रेकवरचा पाय काढा आधी. मागचा लाल दिवा पेटलाय."

"माझा पाय नाहीये तिथे."

मिस्त्री दार उघडून वाकला. आपोआप दबलेल्या ब्रेककडे बघतच राहिला.

धाकट्याच्या डोक्यात तिडीक गेली. "विकतोय. काय करायचं ते कर," एवढंच लिहून, भावाचा जुना पत्ता घालून त्याने पत्र रस्त्यापलीकडच्या टपालपेटीत टाकलं.

किल्ली त्याच्या मुठीत होती. पाठीमागे इंजिन सुरू झालं. या वेळी ते अडखळलं नाही.