साठीतले युवराज

जयराजांना साठी लागली, नातू शाळेत जायला लागला, तरी साताऱ्याकडच्या त्या अडीच गावांच्या माजी संस्थानात लोक त्यांना 'युवराज'च म्हणायचे. कारण नव्वदीतले लालासाहेब महाराज काही गादी सोडत नव्हते. त्यावरून बापलेकाचं पार हमरीतुमरीपर्यंत जायचं.

शेवटी यंदा दसऱ्याच्या दरबारात गादी लेकाच्या हवाली करतो, असा महाराजांनी शब्द दिला. युवराजांनी केस काळे केले, मिरजेहून सनईवाले बोलावले आणि चौकात स्वतःचा 'महाराज' म्हणून बॅनरही लावून टाकला.

सोनं वाटून झालं, भाषणं झाली, पेढे संपले. तरी महाराज आपले जमिनीवरच्या गादीवर मांडी घालून बसलेलेच.

जयराज त्यांच्या कानाशी वाकून तणतणले, "आबासाहेब, आख्खं गाव बघतंय! दिलेला शब्द फिरवताय व्हय? मेल्याबिगर सोडणार न्हाई तुमी ही गादी!"

महाराज लोकांकडं बघून हसत राहिले आणि हळूच म्हणाले,

 

"वरडू नगं रं. तासभर झाला, उठाय बघतोय, उठवंना. तुझी आई होती तवर ती मागनं गुपचूप हात द्यायची."