बैल नसलेली गाडी

तिसरी बाटली टेबलावर आली, तेव्हा इंद्रायणीबाईंनी डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला आणि लेकीकडं बघितलं. रेणू मांडीवरच्या सोनीला भाकरीचा मऊ पापुद्रा भरवत होती. मान वर करत नव्हती.

जागा मोठी देखणी होती. जालन्याच्या मोती तलावाकाठी झाडांखाली मांडलेली टेबलं, पाण्यावरून येणारा वारा, कडुनिंबाला आलेला मोहर. पलीकडच्या काठावर एक पळस नुसता पेटला होता. जावयानं, रामेश्वरनं, दिवसभर हौसेनं शहर दाखवलं होतं, सासूला साडी घेतली होती आणि वडीगोद्रीला परतायच्या आधी इथं जेवायला बसवलं होतं. मटण झणझणीत होतं. भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती. चार बायांत सांगावा असा दिवस.

पण इंद्रायणीबाई बाटल्याच मोजत होत्या.

रामेश्वर सासूचा मान राखूनच पीत होता. बाटली पाण्याच्या जगामागं, बियर स्टीलच्या पेल्यात, आणि घोट घेताना तोंड जरा वळवलेलं. ही आपल्या इकडचीच, संभाजीनगरकडं बनती, हिला कुणी दारू म्हणत न्हाई, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. शेवटचे शब्द आता एकमेकांत अडकत होते.

गाडी फाटकाशी उभी होती. ऊन उतरलं होतं. या वेळेला अंबडच्या रस्त्यानं सळयांचे ट्रक निघतात. सकाळी येताना असाच एक ट्रक पुढं होता; सळया मागं हातभर बाहेर आलेल्या, टोकाला लाल चिंधी. तेव्हा रामेश्वर चांगला शुद्धीत होता, तरी गाडी इतकी जवळ गेली होती की चिंधीवरची पांढरी फुलं दिसली.

इंद्रायणीबाईंच्या लहानपणी माणसं शिंदीच्या झाडाची ताडी पीत. चुलता बाजाराहून येताना शिंदीच्या बनात थांबायचा आणि मग बैलगाडीत आडवा व्हायचा. बैल त्याला बराबर घरी आणायचे आणि दारात उभे राहायचे. चुलती आधी बैलांना पेंड घालायची, मग नवऱ्याला उठवायची. फाटकाशी उभ्या असलेल्या या गाडीला बैल नव्हते.

बोलायचं कुणी? ज्याचे लग्नात पाय धुतले, त्याच्यापुढं सासूनं तोंड उघडायचं नसतं. आणि रेणू बोलली तर त्याचं काय होतं, ते तिच्या झुकलेल्या मानेवरून कळत होतं.

मग त्यांना एक सुचलं. जेवढी आपल्या पोटात जाईल, तेवढी त्याच्या पोटात जाणार नाही. त्यांनी आपला पाण्याचा ग्लास रिकामा केला आणि पुढं धरला.

"जावईबापू, मला बी द्या जरा. चव तर बघू."

रेणूचा हात थबकला. भाकरी घेऊन आलेला वाढपी तसाच उभा राहिला. रामेश्वरनं सासूकडं बघितलं, जगामागची बाटली काढली आणि ओतली. इंद्रायणीबाईंनी ते कडू, नाकात चढणारं पाणी औषधासारखं एका दमात संपवलं आणि ग्लास पुन्हा पुढं केला. बाटली रिकामी झाली. त्यांना वाटलं, सुटलो.

रामेश्वरनं स्टीलचा पेला बाजूला सारला. इतका वेळ वळवलेलं तोंड समोर केलं आणि तो खुर्चीत ऐसपैस पसरला.

"तुमच्यामुळंच हात आखडून पिऊन राह्यलो होतो, मामी. आता कशाची लाज?" मग वाढप्याला म्हणाला, "आणखी दोन आण. जल्दी."

मध्ये एवढा एक पदर होता, आणि तो इंद्रायणीबाईंनी आपल्याच हातानं बाजूला केला होता.

त्या दोन्ही त्यानं सरळ बाटलीनंच संपवल्या. पळस काळपट दिसायला लागला. रामेश्वर किल्ली घेऊन उठला तशी खुर्ची उलटली. ती उचलायला वाकला आणि टेबलाला धरूनच वर आला. अंधार पडायच्या आत अंबड गाठू, म्हणाला.

इंद्रायणीबाई उठल्या. दोन पावलं चालल्या आणि कडुनिंबाखाली सगळ्यांदेखत मातीत बसल्या. मग आडव्या झाल्या. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळली. म्हातारी झिंगली रे, असं कुणी तरी हसून म्हणालं. कुणी तरी मोबाइल वर केला.

"मला चढली, जावईबापू. गाडीत बसवणार न्हाई. आज इथंच ऱ्हाऊ कुठं तरी."

रामेश्वर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. खाली वाकून अगदी हळू म्हणाला, लोक बघून राह्यलेत, उठा. त्या उठल्या नाहीत. मग त्यानं मान फिरवली.

"रेणू, पोरीला घे अन् गाडीत बस. मामींना मी आणतो उचलून."

रेणू उठली. सोनीला तिनं कडेवर घेतलं. एकदा फाटकाकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं. मग ती झाडाखाली आली आणि पोरीला पोटाशी आवळून आईच्या शेजारी मातीत बसली.

"मला बी चढली," ती म्हणाली.

टेबलावर तिच्या ताटापाशी ताकाचा ग्लास होता, तोही अर्धाच प्यायलेला.