तहानलेला वैशाख

वैशाखाचं सोंग हंबीररावांच्या दारात येऊन उभं राहिलं, तसा हलगीवाला थांबला. हंबीरराव भरली घागर घेऊन हसतमुखानं पुढे झाले. वडूजजवळच्या या गावात चैत्रातल्या यात्रेला बारा महिन्यांची बारा सोंगं घरोघर फिरतात. वैशाखाच्या पायांवर पाणी घालायचं आणि तो 'पुरे' म्हणेपर्यंत हात थांबवायचा नाही, ही रीत. वैशाखही शहाणा असतो, तांब्याभर पाण्यातच 'पुरे' म्हणून मोकळा होतो.

हा वैशाख मात्र बोलेना. एक घागर झाली, दुसरी झाली. लोक मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. हंबीररावांनाही मजा वाटली.

"लय तापलाय गड्या औंदाचा वैशाख!"

तिसऱ्या घागरीला पायांना फासलेली तांबडी काव धुऊन गेली आणि बोटांतली जोडवी दिसली. हंबीररावांचं हसू तिथंच विरलं. हे सोंग त्यांच्या धाकट्या भावाचं. तो फौजेत, त्याला रजा मिळाली नव्हती. मुखवट्याआड त्याची बायको होती, दीपमाला.

गेल्या उन्हाळ्यात सामाईक विहिरीच्या मोटारीला हंबीररावांनी कुलूप घातलं होतं. विहीर आटली म्हणून सांगायचे आणि चोरून स्वतःचं आल्याचं पीक भिजवायचे. दीपमाला सतरा वेळा या दारात आली आणि सतरा वेळा हात हलवत परत गेली. तिची डाळिंबाची बाग उभी वाळली. आज ती सूड घ्यायला आली होती, आणि पायांवरून वाहणारं ते गार पाणी तिला फार सुख देत होतं.

टाकी संपली. हंडे पालथे झाले. त्यांच्या पत्नी रंगूबाईंनी पिण्याचा माठ आणून दिला, तोही संपला.

"पुरे म्हण गं," हंबीरराव खाली वाकून पुटपुटले. "उद्या कुलूप काढतो. द्येवाची आण."

"माजी आठशे झाडं बी काय बोलली न्हाईत, भावजी," ती तेवढ्याच हळू म्हणाली. "गपगुमान मेली."

आणि 'पुरे' न म्हणताच ती पुढच्या दाराकडे वळली.

व्हिडिओ काढणारे मोबाइल खाली आले. वैशाख तहानलेलाच निघाला, तर मागून येणारे महिने त्या दारात थांबत नाहीत. असं घडलेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण ठाऊक सगळ्यांना होतं. ज्येष्ठ मान खाली घालून निघून गेला. त्याच्यामागून आषाढ आला, एका हातात बादली, दुसऱ्या हातात लिंबाची डहाळी. आषाढ ज्या दारावर पाणी शिंपडतो, त्या घरच्या रानात पाऊस पडतो म्हणतात. यंदाचा आषाढ हंबीररावांचाच मुलगा होता, वीरधवल.

"वीरू, दोन थेंब तरी टाक रं," हंबीरराव म्हणाले.

आषाढानं डहाळी बादलीत बुडवली. मुखवटा क्षणभर बापाकडे वळला. मग त्यानं पलीकडच्या नानासोंच्या दारावर पाणी शिंपडलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच.